गाडी कुणाच्या नावावर

शेट्यांनी गोदामाचं शटर वर ढकललं, तेव्हा आधी उडदाची धूळ बाहेर आली, मग एक उंदीर, आणि मग आम्हाला गाडी दिसली.

"बघा," शेटे म्हणाले. "नुसती बघा. हात लावायच्या आधीच मनात भरंल."

गाडीच्या टपावर तुरीची दोन पोती होती. हमालाने ती उतरवली तेव्हा दबलेला टप टणकन वर आला. मूळचा पांढरा रंग जुन्या धोतरासारखा पिवळा पडला होता. शेटे म्हणजे बार्शीच्या मार्केट यार्डातले आडते. पंधरा वर्षं त्यांनी ही गाडी वापरली, तिच्यातून पोती, नातेवाईक आणि एकदा तर गाभण शेळी वाहिली, आणि आता दारात नवी गाडी आल्यावर त्यांना आमच्यासारखे चार मास्तर आठवले. टाकाऊ वस्तू खपवायची तर मास्तर गाठावा, असं व्यापाऱ्यांचं मत असतं. त्यात त्यांचं फारसं चुकत नाही.

आम्ही चौघं म्हणजे उंबरदरीच्या जिल्हा परिषद शाळेचा जवळजवळ सगळा स्टाफ. मुख्याध्यापक ताकभाते सर हात मागे बांधून गाडीभोवती फिरत होते. परीक्षेत कॉपी शोधताना ते असेच फिरायचे, आणि त्यांना ती कधीच सापडायची नाही. नागणे सर, शिक्षक संघटनेचे तालुक्याचे पुढारी, टायरला लाथा मारत होते. टायरला लाथ मारून नेमकं काय कळतं हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही, पण जुनी गाडी बघायला गेलेला प्रत्येक माणूस ती मारतोच. डोईफोडे बाई नाकाला पदर लावून लांब उभ्या होत्या. मागच्या सीटवर दोघंच बसणार की तिघं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आणि चौथा मी, काशीद, गणिताचा शिक्षक. या तिघांकडे बघत मनातल्या मनात हसणं हे माझं आवडतं काम होतं आणि त्याचा मला पगार मिळत नाही याचंच वाईट वाटायचं.

इस्माईल मिस्त्रींना मी बोलावलं होतं. त्यांनी बॉनेट उघडलं, आत वाकून पाहिलं, उंदरांनी कुरतडलेल्या दोन वायरी हाताने पिळून जोडल्या आणि शेट्यांच्या नव्या गाडीची बॅटरी लावून गाडी सुरू केली. मग आम्हाला आत बसवून यार्डातून एक फेरी मारली.

"तिसरा गिअर सुटतो," मिस्त्री म्हणाले. "शेजारच्यानं दांडा धरून बसायचं."

"धरू की," नागणे म्हणाले. "पुढं ताकभाते सर बसतील. तेवढंच सरांच्या हाताला काम."

ताकभाते सर हसले नाहीत. तेवढ्यात डोईफोडे बाई किंचाळल्या. त्यांच्या पायाखालचा पत्रा गंजून वहीच्या पानाएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून यार्डाचा रस्ता पळताना दिसत होता.

"उन्हाळ्यात हवा लागती," शेटे खिडकीशी पळत पळत म्हणाले. "फळी टाका. माझ्या मंडळींनी तिथं पाट ठेवला होता."

गाडी थांबली. ड्रायव्हरचं दार आतून उघडत नव्हतं, म्हणून शेट्यांनी बाहेरून उघडून मिस्त्रींना मोकळं केलं. मी मिस्त्रींना बाजूला घेतलं.

"एका वाक्यात सांगा. घ्यावी का नको?"

मिस्त्रींनी हात फडक्याला पुसले. "चालंल. रोज तीस किलोमीटर जाईल, तीस येईल. पर हिला रोज कुणीतरी बघायला पाहिजे सर. पाणी, ऑईल. चौघांची म्हणून घ्याल तर ती कुणाचीच नसंल."

शहाणा माणूस होता. आम्ही त्याच्या बोलण्यातलं फक्त 'चालंल' एवढंच ऐकलं.

गाडीची आम्हाला एवढी नड का पडली होती ते सांगितलं पाहिजे. उंबरदरी बार्शीपासून एकतीस किलोमीटर. कागदोपत्री आम्ही चौघंही उंबरदरीतच राहत होतो. शिक्षकानं नेमणुकीच्या गावी राहायचं असा नियम. राहतो असा ग्रामसभेचा ठराव दरवर्षी जोडला की घरभाड्याचा भत्ता मिळतो. सरपंच दरवर्षी ठराव द्यायचे आणि आम्ही दरवर्षी गॅदरिंगला त्यांना नारळ द्यायचो. उंबरदरीत तुमचं घर कुठं, असं मला कुणी विचारलं असतं तर ग्रामपंचायतीत जाऊन बघून यावं लागलं असतं. आमची पोरं बार्शीच्या इंग्रजी शाळांत होती. उंबरदरीतल्या पोरांच्या बापांना आम्ही मात्र दर पालकसभेत मराठी शाळेचं महत्त्व पटवून द्यायचो. ताकभाते सरांचा तर त्यात गळा दाटून यायचा.

त्या वर्षी तालुक्याला शिक्षण खात्याचे नवे साहेब आले. हे साहेब ठराव बघत नसत. ते शाळांच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांचे नंबर उतरवून घेत आणि मालकाचा पत्ता काढत. शेजारच्या केंद्रातले तीन शिक्षक असे सापडले आणि त्यांचा सगळा भत्ता वसूल झाला. तेव्हापासून आमच्या मोटारसायकली घरी आणि आम्ही वडापात. वडाप म्हणजे अठरा माणसं कोंबल्याशिवाय न हलणारी जीप. ती आम्हाला सव्वाअकराला पोचवायची. साहेब साडेदहाला येतात अशी बातमी होती. म्हणजे गाडी हवी. पण गाडीला नंबर असतो आणि नंबराला पत्ता असतो. एवढा साधा त्रैराशिकाचा हिशेब त्या दिवशी यार्डात चौघांपैकी कुणाच्याही डोक्यात आला नाही. माझ्याही नाही, आणि मी गणिताचा.

तो आला रविवारी, ताकभाते सरांच्या घरी, बैठकीत. होय, बैठकच. ताकभाते सर झाडू घ्यायचा झाला तरी ठराव करत. "काही झालं तरी लेखी पाहिजे," हे त्यांचं आयुष्याचं सार होतं. शाळेतलं एक अर्धं कोरं रजिस्टर त्यांनी घरी आणलं होतं. अक्षर माझं चांगलं म्हणून लिहायला मी.

"लिहा," ते म्हणाले. "विषय क्रमांक एक."

मी लिहिलं. विषय क्रमांक एक : बार्शी ते उंबरदरी दररोज ये-जा करण्यासाठी जुनी चारचाकी गाडी खरेदी करणे. चर्चा : सर्व सदस्य बार्शी येथे वास्तव्यास असून दररोज वडापने येत असल्याने शाळेत पोहोचण्यास उशीर होतो, यावर सविस्तर चर्चा झाली. सूचक श्री. नागणे, अनुमोदक सौ. डोईफोडे. ठराव सर्वानुमते मंजूर. खाली चौघांच्या सह्या, तारखेसकट.

आज मला निवृत्त होऊन सात वर्षं झाली. चोराने चोरी करायला जाण्याआधी ठराव करून त्यावर सही केल्याचं मी अजून कुठे ऐकलेलं नाही. हे फक्त मास्तरांनाच जमतं. पण त्या दिवशी मी ते पान लांब धरून पाहिलं आणि मला एवढंच वाटलं की अक्षर फार सुंदर आलंय.

"विषय क्रमांक दोन," ताकभाते सर म्हणाले. "गाडी कुणाच्या नावावर करायची?"

इथे प्रत्येकाने मान दुसऱ्याकडे वळवली.

"तुम्ही मुख्याध्यापक," नागणे म्हणाले. "मान तुमचा."

"मान कसला? माझी दोन वर्षं राहिलीत. पेन्शनचे कागद चालू आहेत. साहेबानं नंबर काढला की पत्ता निघणार बार्शीचा. तुम्ही करा. तुम्ही संघटनेचे, तुम्हाला कोण हात लावतो?"

"संघटनेचा आहे म्हणूनच माझ्यावर डोळा आहे." सभेत छातीवर हात मारून 'शिक्षकांसाठी तुरुंगात जाईन' म्हणणारा हा माणूस. "डोईफोडे बाई?"

"अय्या, मला यांना विचारावं लागेल. आणि हे नाहीच म्हणतील."

नवऱ्याला एका शब्दाने न विचारता बाईंनी बार्शीत दोन प्लॉट घेतले होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मग तिघं माझ्याकडे वळले.

"माझी पाठ," मी म्हणालो.

"गाडी नावावर करायला पाठ कशाला लागते?"

"आणि पोरीचं लग्न ठरतंय. अशात चौकशीबिकशी नको." तेही खोटंच होतं. पोरगी नववीत होती.

गावातल्या कुणाच्या तरी नावावर करावी असं निघालं. पण गावातला माणूस ती दर लग्नाला नेईल आणि वर आपलीच म्हणेल, असं नागण्यांनी सांगितलं. मग तेच जरा थांबून हळूच म्हणाले, "हांडे बाई."

हांडे बाई आमच्या शाळेतली पाचवी शिक्षिका. संजीवनी हांडे. नवरा गेल्यावर डी.एड. करून तिशीत नोकरीला लागलेली. ती खरोखर उंबरदरीत राहायची, पिठाच्या गिरणीशेजारी भाड्याच्या खोलीत, आणि तिची मुक्ता आमच्याच शाळेत दुसरीत होती. शाळेतल्या दीडशे पोरांत शिक्षकाचं मूल ते एकच. सरकारी भाषेत नेमणुकीचं गाव म्हणजे मुख्यालय, म्हणून पाठीमागे आम्ही हांडे बाईला 'मुख्यालय' म्हणायचो. "मुख्यालय आलं का?" "मुख्यालयानं कुलूप उघडलं का?" हे नाव मी ठेवलं होतं.

ती शिक्षणसेवक होती. म्हणजे तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढायची, मग मुख्याध्यापकाने काम समाधानकारक असल्याची शिफारस लिहून फाईल पुढे पाठवली की कायम. नाही पाठवली तर मुदतवाढ, आणि मधल्या काळात एक साधी नोटीस की घरी. तिची तीन वर्षं जूनमध्ये भरत होती. फाईल महिनाअखेरपर्यंत बार्शीला पोचायला हवी होती.

"तिचा पत्ता उंबरदरीचा," नागणे बोटं मोजत म्हणाले. "गाडी शाळेत उभी, नाव शाळेतल्या बाईचं, पत्ता गावातला. साहेब काय, साहेबाचा बाप आला तरी काही सापडायचं नाही."

"ती तयार होईल का?" डोईफोडे बाईंनी विचारलं.

ताकभाते सरांनी चष्मा काढून पुसला. "फाईल माझ्याच कपाटात आहे," ते म्हणाले. "घाई नाही."

दहा वर्षांत मी त्या माणसाला एवढं स्पष्ट बोलताना ऐकलं नव्हतं. मला त्यांची किळस आली, आणि विषय क्रमांक दोन मी सुवाच्य अक्षरात लिहून काढला.

"काशीद, तुम्हीच बोला तिच्याशी," नागणे म्हणाले. "तुमची विद्यार्थिनी आहे ना?"

होती. वीस-बावीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी, पाचवीत. दोन वेण्यांची, अपूर्णांकात अडकून रडणारी. बाकीचे मला सर म्हणायचे, ती अजून गुरुजी म्हणायची.

शनिवारी सकाळची शाळा सुटली, बाकीचे तिघं वडाप पकडायला गेले आणि मी रजिस्टर व गाडी नावावर करायचा कोरा फॉर्म पिशवीत घालून गिरणीकडे निघालो. रजिस्टर का, तर ज्याच्या नावावर गाडी त्याचीही सही ठरावावर हवी, असं ताकभाते सरांचं म्हणणं होतं.

"या गुरुजी," हांडे बाई उठून उभी राहिली. एवढीशी खोली. एका कोपऱ्यात गॅस, दुसऱ्या कोपऱ्यात लोखंडी पेटी, भिंतीवर मुक्ताने खडूने काढलेला पाढा. मुक्ता मैत्रिणीकडे गेली होती. गिरणीच्या पट्ट्याचा आवाज भिंतीतून येत होता. तिने मला खुर्ची दिली, ती एकच होती, आणि स्वतः चहाचं आधण ठेवलं.

मी सगळं सांगितलं. म्हणजे ठरवून गेलो होतो तेवढं.

"गाडी माझ्या नावावर," ती शेवटी म्हणाली. "चालवणार कोण?"

"नागणे सर."

"संध्याकाळी कुठं उभी राहणार?"

"बार्शीला. ताकभाते सरांच्या बोळात."

"आणि साहेबांनी विचारलं, बाई, तुमची गाडी तुमच्या दारात का नाही?"

"सांगायचं, गॅरेजला टाकलीय. तशीही ती निम्मे दिवस गॅरेजलाच असेल." मी माझ्या विनोदावर हसलो. ती हसली नाही.

"वाटेत कुणी गाडीखाली आलं तर?"

"असं अभद्र बोलू नये."

"अभद्र नाही, विचारते. पोलीस कुणाच्या दारात येतील?"

"बाई, नाव फक्त कागदोपत्री आहे."

"कागदोपत्री तुम्हीपण इथंच राहता की, गुरुजी."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला राग तरी आला असता. तिच्या आवाजात तसं काहीच नव्हतं. वर्गात पोराने उत्तर दिलं तर आपण जसं 'बरोबर' म्हणतो, तसं ती म्हणाली.

"आणि माझ्या मानधनात मी गाडी कशी घेतली, असं विचारलं तर मी काय सांगू?"

"भावानं दिली म्हणा."

"मला भाऊ नाही. तुम्हाला माहितीय."

मला माहीत होतं. पाचवीत असताना राखीपौर्णिमेला तिने वर्गातल्या फळ्याला राखी बांधली होती.

"मी नाही म्हटलं तर?" तिने विचारलं.

जे उत्तर द्यायला मला पाठवलं होतं तेच मी दिलं. "ताकभाते सर म्हणत होते, फाईल त्यांच्याच कपाटात आहे. घाई नाही म्हणाले."

तिने गॅस बंद केला. चहा कपात ओतला आणि कप माझ्यापुढे ठेवला.

"मुक्ताला रोजची ये-जा नको म्हणून मी इथं राहिले," ती म्हणाली. "कायम झाले की गिरणीमागची दोन खोल्यांची जागा घ्यायची ठरवलंय. मालक थांबलाय माझ्यासाठी." मग म्हणाली, "ते ठरावाचं काय म्हणालात? बघू."

मी रजिस्टर दिलं. आनंदाने दिलं, खोटं कशाला बोलू. ती जमिनीवर बसली, मांडीवर ते उघडलं आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागली. पाचवीत वाचायची तसंच. विषय क्रमांक एक वाचून झाल्यावर ती पुन्हा पहिल्या ओळीवर गेली.

"अक्षर तुमचं," ती म्हणाली.

"हो."

"सगळ्यांच्या सह्यापण आहेत."

"आहेत ना. म्हणजे तुमची काळजी नको. सगळं लेखी आहे."

तिने पान उलटलं, विषय क्रमांक दोन वाचला, आणि माझ्याकडे मान वर करून पाहिलं.

"गुरुजी, तुम्ही सांगा. सही करू का नको?"

"अहो, निर्णय तुमचा."

"नाही, तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसं करते. गणित अडलं की तुम्ही म्हणायचा, मागचं उत्तर बघू नको, रीत बघ. मला यातली रीतच कळंना झालीय. करू म्हणा, करते. नको म्हणा, नाही करत. मग फाईलचं काय व्हायचं ते होऊ दे."

पेन तिने हातात घेतलं होतं. गिरणीत कुणाचं तरी दळण संपलं असावं, पट्टा थांबला. बरोबर उत्तर मला माहीत होतं. तिने प्रश्न पुरा करायच्या आधी माहीत होतं. त्यात अपूर्णांक नव्हता, हातचा नव्हता. पण नको म्हणायचं, तर सोमवारी ताकभाते सरांच्या कपाटासमोर उभं राहून तेच पुन्हा म्हणावं लागलं असतं. मग ते चष्मा पुसणार, नागणे 'वा काशीद, तुम्हीपण मुख्यालय झालात' म्हणणार, आणि वडापात माझ्याशी कुणी बोलणार नाही. ज्या तीन माणसांना मी किडामुंगी समजत होतो, त्यांनी माझ्याशी बोलणं बंद करावं एवढी साधी गोष्ट मला सोसणार नव्हती. आणि माझी पाठही खरंच दुखायची.

"करा सही," मी म्हणालो. "काही होत नाही."

तिने पेनाला टोपण लावलं.

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्ही नको म्हणाला असता, तर मी केली असती सही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"वाटलं असतं, चौघांत एक माणूस तरी माझ्या बाजूचा आहे. उद्या काही झालं तर हा उभा राहील. मग नाव द्यायला काय बिघडलं असतं?" तिने कोरा फॉर्म घडी करून माझ्या खुर्चीच्या हातावर ठेवला. "आता कुणाच्या जिवावर देऊ?"

मी काहीतरी बोललो. 'तुमच्या भल्यासाठी' वगैरे असणार. पंचवीस वर्षं मी पोरांच्या बापांना तेच सांगत आलो होतो. तिने ऐकून घेतलं, मग रजिस्टर उचललं, पेटी उघडली, साड्यांच्या खाली ते ठेवलं आणि कडी लावली.

"बाई, ते शाळेचं आहे."

"मीपण शाळेचीच आहे." ती पेटीवर बसली. "फाईल बार्शीला पोचली की त्याच दिवशी देते. मी ते कुणाला दाखवणार नाही, गुरुजी. आईची शपथ. पण मी असं म्हणाले हे ताकभाते सरांना सांगू नका."

मी उठलो.

"चहा घ्या ना. निवतोय."

आणि मी बसून तो सगळा चहा प्यालो.

सोमवारी ताकभाते सरांना मी बाजूला घेऊन सांगितलं. आधी त्यांना कळेचना. "नाही म्हणाली म्हणजे? फाईलचं सांगितलंत ना?" मग मी रजिस्टर कुठे आहे ते सांगितलं.

"कुठलं रजिस्टर?"

"आपलं. ठरावाचं."

त्यांनी खुर्चीचा हात पकडला. ओठ हलले, ते मनातल्या मनात पहिला ठराव म्हणून बघत होते. 'सर्व सदस्य बार्शी येथे वास्तव्यास असून' इथवर आले असावेत, कारण एकदम त्यांचा चेहरा उतरला. "ते वाक्य तुम्ही का लिहिलंत?" ते म्हणाले. "तुम्ही सांगितलंत म्हणून," मी म्हणालो. "मी सांगितलं म्हणून काय वाट्टेल ते लिहायचं?" आयुष्यभर ज्यांनी लेखी मागितलं त्या माणसाचा हा प्रश्न होता. "ती काय करणार आहे त्याचं? साहेबांकडे जाणार आहे?"

ती काय म्हणाली होती ते मला माहीत होतं. मी खांदे उडवले. तेवढंच एक मी तिच्यासाठी केलं, आणि तेसुद्धा ताकभाते सरांना घाम फुटलेला बघायला मजा येत होती म्हणून.

त्यांनी कपाट उघडलं. शिफारस स्वतःच्या हाताने लिहिली, 'अत्यंत समाधानकारक' असं, खाली दोनदा रेघ मारून. पुढच्याच वडापने ते स्वतः फाईल घेऊन बार्शीला गेले, पोच घेतली आणि शाळा सुटायच्या आत परत आले. हांडे बाईने पोचेवरचा शिक्का नीट पाहिला, घरी गेली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं रजिस्टर आणून त्यांच्या टेबलावर ठेवलं. ती दोन पानं तिथंच फाडून ताकभाते सरांनी खिशात घातली. एकाही पानाला तिने हात लावला नव्हता. झेरॉक्स काढली असेल अशी शंका नागण्यांनी काढली, पण उंबरदरीत तेव्हा झेरॉक्सचं मशीन नव्हतं.

शेट्यांची गाडी आम्ही घेतली नाही. ती एका बँडवाल्याने नेली, असं पुढे कळलं.

त्या संध्याकाळी वडापात नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. तिघांना जागा मिळाली होती, मी दाराशी दांडीला लटकत होतो. पानं आता खिशात होती, भीती गेली होती, त्यामुळे सगळ्यांना वाचा फुटली.

"साप पाळला आपण," ताकभाते सर म्हणाले.

"दिसायला गरीब गाय," डोईफोडे बाई म्हणाल्या. "आतून केवढी बेरकी! एकट्या राहणाऱ्या बायका अशाच असतात."

"काशीद," नागणे म्हणाले, "तुमची विद्यार्थिनी हो. काय शिकवलंत तिला?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. जीप खड्ड्यातून गेली आणि माझ्या पाठीत कळ उठली. मी हांडे बाईला एक शिवी दिली. त्या दिवशी त्या जीपमध्ये कुणी दिली नव्हती अशी, बाईमाणसाला देऊ नये अशी. डोईफोडे बाईंनी तोंडाला पदर लावला, पण त्यासुद्धा हसल्या. ताकभाते सर हसले. मग नागणे हसत हसत आत सरकले आणि त्यांनी मला बसायला जागा करून दिली.